कुसुमाचं लाल पान

मूलहून चंद्रपूरकडे येताना चिचपल्लीच्या आसपास जंगल रस्त्याला दोन्ही अंगांनी चिकटून चालतं. मार्च उजाडला की ते पार उघडं पडतं. साग, सावर, धावडा, सालई सगळे बोडके. खाली घोटा बुडेल एवढा पाचोळा. या करड्या पसाऱ्यात नाल्याच्या काठाला एखादंच झाड शेंदरी-लाल पेटलेलं दिसतं. बाहेरगावचा पाहुणा गाडी थांबवतो आणि म्हणतो, काय फुललंय! पण ते फुललेलं नसतं. ती कुसुमाची नवी पालवी असते. पान हातात घेतलं तर ओलसर, मऊ आणि खाली लोंबणारं, नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या मानेसारखं. पंधरा-वीस दिवसांत ते हिरवं होतं, ताठ होतं, आणि झाड गर्दीत मिसळून जातं.

आता याच रस्त्यावरच्या एखाद्या गावातल्या चार-पाच वर्षांच्या मुलाचा विचार करावा. त्याच्या चित्रांच्या पुस्तकात ऋतूंचं एक पान असतं. त्यात लाल पान म्हणजे म्हातारं, गळायला आलेलं पान. शेजारी पाच टोकांचं मेपलचं पान रंगवायला दिलेलं असतं आणि वर महिना लिहिलेला असतो ऑक्टोबर. ऑक्टोबरात त्याच्या गावाभोवती धान पोटरीतून बाहेर आलेला असतो, बोडी, म्हणजे धानाला पाणी देणारं लहान तळं, भरलेली असते, आणि जंगल वर्षातलं सगळ्यांत गर्द हिरवं असतं. पुस्तकातलं लाल पान मरणाचं आणि नाल्याकाठचं लाल पान जन्माचं. मुलाने विश्वास कुणावर ठेवायचा?

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत लहान मुलं झाडं आणि पानं कशी शिकतात, हा प्रश्न या एका पानातून सुरू होतो. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. त्याचं क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आणि त्यातला बहुतेक भाग जंगल. या साऱ्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात, बोलीला झाडीबोली. गावांची नावं घ्यावीत तर मोहगाव, पळसगाव, चिचपल्ली. ज्या प्रदेशाची ओळखच झाडांनी लिहिली गेली, तिथल्या मुलांना पानगळ दुसऱ्या खंडाच्या चित्रावरून शिकवली जावी, ही साधी चूक नाही. तिच्यामुळे मुलाचा स्वतःच्याच डोळ्यांवरचा भरवसा उडतो.

घोळाची सुरुवात भाषांतरात आहे. इंग्रजी ‘ऑटम’ला मराठीत ‘शरद’ म्हटलं जातं, कारण महिने जुळतात. पण मराठी मनात शरद म्हणजे निवळलेलं आभाळ, कोजागरीचं चांदणं, भरलेली तळी. पानं झडतात शिशिरात, माघ-फाल्गुनात. आपल्या सहा ऋतूंच्या मांडणीत हे अगदी स्वच्छ आहे. मुलांना मात्र एकीकडे उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे तीन ऋतू शिकवतात, दुसरीकडे इंग्रजीच्या तासाला चार, आणि सहा ऋतू पाठांतरापुरते उरतात. तिन्ही हिशेब झाडाशी लावून कुणी पाहत नाही.

झाडाचा हिशेब पाण्याचा आहे. युरोपात किंवा जपानात दिवस लहान होतात, थंडी येते, जमीन गोठते, म्हणून झाड पानं टाकतं. ताडोबाच्या शुष्क पानझडी जंगलात थंडीचं भय नाही. पावसाळा सरला की जमिनीतली ओल महिन्यागणिक खाली जाते आणि पानांवाटे उडणारं पाणी झाडाला परवडेनासं होतं. मग झाड पानातला नत्र, स्फुरद असा कामाचा ऐवज खोडाकडे ओढून घेतं, देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर तयार होतो, आणि पान वाऱ्याच्या झुळकीनेही सुटतं. हिरवं हरितद्रव्य मोडलं की मुळात असलेला पिवळा रंग दिसू लागतो. एवढी गोष्ट दोन्हीकडे सारखी. थंड मुलखातल्या मेपलसारख्या झाडांत मात्र याच वेळी लाल रंग नव्याने तयार होतो. इकडे तो लाल रंग कोवळ्या पानाला मिळतो. कुसुम, मोह, पिंपळ यांची पालवी तांबूस असते. या रंगामुळे कोवळ्या पानाची कडक उन्हापासून आणि खाणाऱ्या किड्यांपासून राखण होत असावी, असं अनेक वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात.

आणखी एक नवल आहे. पाऊस यायला दोन-तीन महिने असताना, ऐन उन्हात, यातली बरीच झाडं पालवतात. चंद्रपूर देशातल्या सर्वाधिक तापणाऱ्या शहरांपैकी एक, पारा पंचेचाळिशी ओलांडतो, माणसं दुपारी दार लावून बसतात, आणि तेंदू, कुसुम, मोह, करंज नवी पानं काढत असतात. खोल मुळांना खालची ओल सापडते, दिवस मोठा झालेला असतो, आणि पावसाबरोबर किड्यांची फौज निघण्याआधी पान जून होऊन बसतं. सागाचं गणित निराळं, तो बहुतेक पहिल्या सरींची वाट पाहतो. म्हणजे एकाच जंगलात कुणी पान टाकतंय, कुणी बोडकं फुललंय, कुणी पालवलंय, हे सगळं होळीच्या आगेमागे एकाच दिवशी दिसू शकतं. लहान मुलाला निरीक्षण शिकवायला याहून चांगला काळ कोणता?

ऑक्टोबरात इथे पानांचं काहीच घडत नाही असंही नाही. पावसाळ्याच्या शेवटी सागाचं जंगल लांबून करपल्यासारखं तपकिरी दिसतं. ती पानगळ नसते, अळीचं काम असतं. सागाच्या पानांची चाळण करणारी एक लहानशी अळी पानातला हिरवा गर तेवढा खाते आणि शिरा सोडून देते. हातभर लांबीचं पान उन्हासमोर धरलं तर जाळीची ओढणी वाटावी: मधली जाड शीर, तिच्यापासून फुटलेल्या बाजूच्या, त्यांच्यातून आणखी बारीक. पानाला पाणी कुठून कसं मिळतं, हे कोणत्याही तक्त्यापेक्षा हे पान लवकर सांगतं. सागाचं कोवळं पान तळहातावर चोळलं की हात लालभडक होतो, हा खेळ तर इथल्या पोरांना कुणी शिकवावाच लागत नाही. गडचिरोलीतल्या आलापल्लीजवळ जुन्या सागाचा एक तुकडा ‘आलापल्लीचं वनवैभव’ म्हणून राखला आहे. २०१४ साली तो राज्याचा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाला. तिथल्या सागाच्या बुंध्याला कवेत घ्यायला किती पोरं लागतात, हे मोजण्यात पहिलीचं गणितही होऊन जातं.

पळसाचंही असंच. ‘पळसाला पानं तीन’ ही म्हण मराठी माणूस रोज वापरतो. पण डहाळीवर नीट पाहिलं तर तीन पानांच्या मुळाशी एकच देठ असतो आणि कोंब फुटायची जागा त्या देठाच्या बगलेत असते. प्रत्येक ‘पाना’च्या बगलेत नसते. म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात ते एकच पान, तीन पर्णिकांचं. पत्रावळी लावणाऱ्या आजीच्या मांडीला टेकून बसलेलं मूल हे पान एकेक सुटं करतं, काडीने टाचतं, आणि मोठ्या पर्णिकेचा आकार बाजूच्या दोघींपेक्षा वेगळा असतो हे त्याच्या बोटांना आधी कळतं. शाळेने त्याला फक्त ‘बगलेत कोंब बघ’ एवढं सांगायचं असतं.

घरची ही शाळा मोठी आहे आणि तिचं वेळापत्रक पक्कं आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं टपटपतात. उजाडता उजाडता टोपल्या घेऊन घरं रिकामी होतात, लहान पोरंही सोबत. फिकट पिवळी, रसाळ फुलं झाडाखाली पडलेली. त्या वेळी झाडावर पानं जवळजवळ नसतातच. फुलं सरत आली की वर तांबूस पालवी दिसू लागते. कोणतं झाड लवकर टपकतं, कोणत्याची फुलं गोड, कोणतं झाड कुणाच्या घराण्याचं, हे पाच वर्षांच्या पोरीला ठाऊक असतं. मग चारं म्हणजे चारोळीची फळं, टेंभरं म्हणजे तेंदूची. एप्रिलच्या शेवटी तेंदूपत्ता सुरू होतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये तेंदूची झुडपं छाटून ठेवलेली असतात, म्हणजे नवं पान मोठं आणि नितळ येतं. पहाटे तोडलेली पानं दुपारी घराच्या पडवीत घेऊन सगळं घर पुडे बांधायला बसतं. महाराष्ट्रात एका पुड्यात ७० पानं, हजार पुड्यांची एक प्रमाणित गोणी, म्हणजे ७०,००० पानं. भोक पडलेलं नको, डाग असलेलं नको, फार कोवळं नको, जून नको. संध्याकाळी पुडे फळीवर, म्हणजे खरेदीच्या केंद्रावर, मोजून द्यायचे.

याला शिकणं म्हणायचं की बालमजुरी? दोन्ही शक्यता खऱ्या आहेत आणि कुणी एकीवर पांघरूण घालू नये. उन्हात जंगलात फिरून पानं तोडणं हे लहान मुलाचं काम नाही. पण आईशेजारी सावलीत बसून चांगलं पान आणि वाईट पान वेगळं करणारी सहा वर्षांची मुलगी वर्गीकरण करत असते, तेही ज्या कसोट्यांवर घरचं वर्षाचं मीठ-तेल अवलंबून आहे त्या कसोट्यांवर. जूनच्या शेवटी विदर्भातल्या शाळा उघडतात तेव्हा हे सगळं तिच्या डोक्यात ताजं असतं. वर्गात तिला पहिल्यांदा विचारलं जातं ते पानाच्या भागांची नावं. तिला सत्तरपर्यंत मोजता येतं हे कुणी विचारत नाही.

तिला ती नावं कोणत्या भाषेत विचारली जातात हा पुढचा मुद्दा, आणि गडचिरोलीत तो कळीचा आहे. मराठीत पान, गोंडीत ‘आकी’. सिरोंच्याकडे घरात तेलुगू बोलतात, तिथे ‘आकु’. गोंडी आणि तेलुगू एकाच द्राविडी कुळातल्या, म्हणून शब्द बहिणीसारखे. मुलचेरा-चामोर्शीकडच्या बंगाली वसाहतींत ‘पाता’. कोरची-कुरखेड्याकडे छत्तीसगडीचा वावर. झाडाला गोंडीत ‘मरा’, आंब्याला ‘मरका’. एका अंगणवाडीत वडाच्या पारावर बसलेल्या पोरांकडे एका पानासाठी दोन-तीन शब्द असू शकतात. ताई त्या सगळ्यांना ‘चूक, पान म्हणा’ असं सांगते की ‘अजून कोण काय म्हणतं?’ असं विचारते, यावर पुढची बरीच वर्षं ठरतात. तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी २०२२ साली आलेला पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा घरच्या भाषेतून शिकवण्याचा आग्रह धरतो. कागदावर ही दिशा बरोबर आहे.

जमिनीवर हे काम आधीपासून झालेलं आहे. बाबा आमट्यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागड तालुक्यात हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे तिथे राहिले, आणि १९७६ पासून माडिया गोंड मुलांची शाळा उभी राहिली. तिथल्या कार्यकर्त्यांना आधी स्वतः माडिया शिकावी लागली. मुलांना झाडं ठाऊक होती, मराठी ठाऊक नव्हती. शिकवणाऱ्यांचं नेमकं उलट. अशा वर्गात शिकवणं दोन्ही बाजूंनी चालतं, आणि आदिवासी मुलखातल्या प्रत्येक शाळेने ही उलटापालट मनापासून स्वीकारायला हवी होती.

धानोरा तालुक्यातल्या मोहगावची गोष्ट अलीकडची. तिथल्या ग्रामसभेने २०१९ मध्ये ‘पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटुल’ ही गोंडी माध्यमाची शाळा स्वतः सुरू केली. गोटुल म्हणजे गोंड गावाची तरुणांना घडवणारी जुनी संस्था. शाळेने तिचं नाव घेतलं यातच तिची भूमिका आहे. मान्यतेचा वाद झाला, शिक्षण विभागाची नोटीस आली, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. कायद्याचा निकाल कायद्याप्रमाणे लागेल. पण आपल्या मुलाने झाडाला ‘मरा’ म्हणत अक्षरं गिरवावीत म्हणून एक गाव पदरचं धान्य-पैसा घालून शाळा चालवतं, याची दखल अभ्यासक्रम लिहिणाऱ्यांनी घ्यायलाच हवी.

याच तालुक्यातलं मेंढा (लेखा) सर्वांना माहीत आहे. २००९ साली तिथल्या ग्रामसभेला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या नावांशी जोडलेल्या या गावात मोठी माणसं अभ्यासगटात बसून जंगलाबद्दल चर्चा करतात. त्या चर्चेच्या कडेला मातीत खेळणाऱ्या पोराच्या कानावर बांबू कधी तोडायचा, किती ठेवायचा हे पडत राहतं. माडिया गावांत पंडुमचे सण आहेत. ‘मरका पंडुम’ झाल्याशिवाय नवा आंबा खायचा नाही. फळ पिकू द्यायचं, कोय तयार होऊ द्यायची, हा नियम लहान मूल जिभेवर ताबा ठेवून शिकतं.

डॉ. राणी बंग यांच्या ‘गोईण’ या पुस्तकाचा उल्लेख इथे टाळता येत नाही. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ पासून गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेचं काम उभं केलं. आदिवासी बायकांशी बोलताना झाडांबद्दल जे हाती लागलं ते या पुस्तकात आहे. गोईण म्हणजे मैत्रीण. इथल्या बायकांचं झाडाशी असलेलं नातं त्या एका शब्दात आलं. लहान मुलांच्या शिक्षणाच्या दृष्टीने हे पुस्तक मोलाचं आहे, कारण झाडाबद्दलचं ज्ञान गावात नेमकं कुणाकडे आहे ते त्यातून कळतं. ते बहुतेक आया-आज्यांकडे आहे, आणि शाळेच्या दारातून त्यांना क्वचितच आत बोलावलं जातं.

परिसरातूनच मुलांना शिकवण्याची जुनी वाट महाराष्ट्राला माहीत होती. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी वारली मुलांसाठी विकतच्या साधनांऐवजी पानं, बिया, शंख-शिंपले, खडे वापरले. गुरं राखणाऱ्या पोरांना शाळेत येता येत नाही म्हणून शाळाच कुरणात नेली, तिला कुरणशाळा म्हणत. वर्ध्याला १९३७ च्या ऑक्टोबरात गांधीजींच्या नई तालीमचा विचार मांडला गेला, सेवाग्रामला त्याची शाळा चालली. अभय बंग त्या शाळेत शिकले आणि त्यांनी तिच्याबद्दल लिहिलंही आहे. जर्मनीतल्या जंगलातल्या बालवाड्यांचं आज जगभर कौतुक होतं. तिथे शहरातल्या मुलांना जंगलात न्यावं लागतं. इकडे जंगलातल्या मुलांना आश्रमशाळेच्या कुंपणात आणून बसवलं जातं आणि मग भिंतीवर झाडाचं चित्र रंगवलं जातं.

तरी ‘चला, मुलांना जंगलात न्या’ एवढं म्हणून भागत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात वाघ गावाच्या शिवारात असतो. मोह आणि तेंदूच्या हंगामात वाघाच्या हल्ल्यात माणसं गेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, आणि ज्या घरातून माणूस गेलं त्या घरातल्या पोराला झाडाखाली जा म्हणणं सोपं नाही. वाकून फुलं वेचणारं माणूस वाघाला लहान प्राण्यासारखं भासतं, असं वनखात्याची माणसं गावोगाव सांगतात. म्हणून पानांचा अभ्यास शाळेच्या आवारातल्या, गावठाणातल्या झाडांवरच व्हायला हवा. एक कडुनिंब, एक पळस, एक मोह पुरे आहेत.

दुसरी अडचण स्थलांतराची. धान निघालं की या जिल्ह्यांतली अनेक कुटुंबं मिरची तोडायला तेलंगणात जातात, पोरं बरोबर. नेमकी पानगळ ती परक्या शेतात काढतात. तिसरी अडचण शाळेच्याच वेळापत्रकाची: फेब्रुवारी ते एप्रिल परीक्षेचे दिवस, मेमध्ये सुट्टी. झाड जेव्हा सगळं काही करून दाखवतं तेव्हा वर्गात उजळणी चालू असते.

आणि वणवा. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनखात्याचा आगीचा हंगाम. मोहफुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवण्याची सवय अनेक गावांत आहे. वारा आला की ती आग रानभर जाते. पाचोळा झाडून बाजूला केला तर तेवढंच काम होतं, मेहनत थोडी जास्त. पानाचं शिक्षण इथे थेट कामाला येतं. पाचोळा उचलून खालची ओली, काळी माती, पांढरी बुरशी, गोगलगाय, वाळवीची मातकट वाट पाहिलेलं मूल घरी जाऊन आजोबांना काडी लावण्याआधी थांबवू शकतं. निदान प्रश्न तरी विचारतं.

करायचं काय, याची उत्तरं महाग नाहीत. ‘सीझनवॉच’ नावाच्या देशभरच्या उपक्रमात एक झाड निवडून दर आठवड्याला त्याची पानं, फुलं, फळं नोंदवायची असतात. केरळातल्या शेकडो शाळा त्यात आहेत. लिहिता न येणाऱ्या मुलाला चित्र काढून, पान चिकटवून तेच करता येतं. अंगणवाडीच्या भिंतीवर बारा महिन्यांच्या बारा खणांत त्याच एका मोहाचं पान लागत गेलं, तर वर्षाअखेरीला त्या गावाचं ऋतुचक्र तयार. ताडोबाच्या बफरमधल्या गावांतल्या विद्यार्थ्यांना व्याघ्र प्रकल्पात नेण्याचे उपक्रम वनखातं करतं. त्यात वाघाइतकाच वेळ ऐनाच्या मगरपाठीसारख्या सालीला द्यावा. सिरोंचा तालुक्यातल्या वडधमच्या जीवाश्म उद्यानात दगड झालेली झाडं आहेत, डायनोसॉरच्या काळातली. आज ज्या मुलाने सागाच्या बुंध्यावर हात फिरवला त्याने त्या दगडावरही फिरवून पाहावा.

अंगणवाडीच्या त्या भिंतीवर मार्चच्या खणात काय लावायचं हे ठरवताना ताईंनी पोरांनाच विचारावं. झाडीपट्टीतली पोरं उत्तर देताना शेवटी ‘जी’ लावतात. कुणी झडलेलं पिवळं पान आणेल, कुणी मोहाचं बोंड. आणि नाल्याकडून आलेली एखादी पोर ओली, लोंबती लाल डहाळी पुढे धरून सांगेल, ‘हे म्हातारं नाही जी मॅडम, हे आताच आलं.’